विमानाच्या धडावर पैलवान

नवऱ्याचं विमान मोडायचं, पण नवऱ्याचं मन मोडायचं नाही, एवढीच काय ती हेमलतेची योजना होती! आणि ती इतकी बिनचूक होती, की तिनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं ते काय फुकट?

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याचं विमान ही काय भानगड? लोकांचे नवरे पत्ते खेळतात, कबुतरं उडवतात, फार तर फुटबॉलच्या मॅचला जाऊन घसा बसवून घरी येतात. शिवाजी पेठेत हे सगळं वरणभातासारखं. पण हेमलतेच्या कृष्णातचं सगळंच निराळं! दिवसभर उद्यमनगरातल्या फौंड्रीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न करायचा आणि संध्याकाळी घरी आला की चहासुद्धा उभ्या उभ्या घेऊन परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये घुसायचा. तिथं तो विमान करत होता. जत्रेतलं नव्हे, खेळण्यातलं नव्हे. आत माणूस बसतो ते!

हा सगळा अमेरिकेतल्या मावसभावाचा प्रताप. त्यानं बोटीनं एक पेटी धाडली. आत बारीकसारीक लोखंडी अवयव, पातळ लाकडाच्या पट्ट्या आणि पंगत बसवता येईल एवढे लांबरुंद नकाशे. तिकडं म्हणे लोक सुट्टीत घरच्या घरी विमानं बांधतात. हेमलतेला त्या अमेरिकन बायकांची फार कीव यायची.

पेठेला सुरुवातीला काही कळेना. कुणी म्हणालं, पंचगंगेचा पूर आला की आपण गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जाणारी माणसं, कृष्णातनं जरा लांबट काहील केली असंल. शेवटी पलीकडच्या घरातल्या चाँदबी चाचीनं भिंतीवरून मान काढून सरळच विचारलं.

"काय करतोस रं कृष्णात?"

"विमान, चाची. हे नुसतं धड आहे. पंख, शेपूट सगळं नंतर."

"धड व्हय!" चाचीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग मुंडकं कवा बसवणार?"

तेव्हापासून सगळी पेठ त्याला 'कृष्णातचं धड' म्हणू लागली.

पण धडाचं धडधडणं हेमलतेच्या छातीत! मुळात रेणू चालायला लागल्यापासून तिचं बसणं संपलं होतं. लेकीच्या तोंडात बोट घालून तिनं आजवर बटण, खडू, बिब्बा आणि एकदा तर चांगला जिवंत मुंगळा बाहेर काढला होता. त्यात शेडमध्ये हे लांबलचक, कोपऱ्याकोपऱ्यांचं जनावर! रेणूचं कपाळ फुटेल म्हणून तिनं त्याच्या एकूण एक सांध्याला, टोकाला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. त्या धडाकडं पाहिलं की ते नुकतंच मारामारी करून दवाखान्यातून आल्यासारखं वाटे.

आणि हे तर काहीच नव्हे. कपाळाला हळद लावता येते. पण उद्या हे पुरं झालं, विमानं उतरतात त्या उजळाईवाडीच्या माळावर नेलं, आणि कृष्णात त्यात बसून वर गेला तर? हेमलतेला स्वप्नं पडायची. कृष्णात आभाळात आहे, खाली वाकून तिला आणि रेणूला टाटा करतोय, आणि टाटा करायला त्यानं दांडा सोडलाय! ती दचकून उठायची आणि शेजारी घोरणाऱ्या कृष्णातला चाचपून पाहायची. जमिनीवर आहे ना?

'बांधू नका' म्हणावं, तर तेही जमेना. शेडमध्ये रंधा मारताना त्याचा चेहरा असा उजळायचा, की आपण काही बोललो तर दिवा फुंकल्याचं पाप लागेल असं तिला वाटे. तेव्हा बोलायचं नाही. पण रेणूला बाप हवा म्हणजे हवा!

आणि एका संध्याकाळी देवानंच मार्ग दाखवला. कृष्णात नकाशा पसरून डोकं खाजवत होता.

"हेमा, आता धडाची वजनाची परीक्षा घ्यायला लागणार. असं लिहिलंय. हवेत जोराचं वळण घेतलं की आत बसलेल्या माणसाचा भार पाचपट होतो. तेवढा भार आधी इथंच जमिनीवर घालून बघायचा. टिकलं तर पुढं जायचं."

"आणि नाही टिकलं तर?" हेमलतेनं तांदळातले खडे वेचता वेचता अगदी सहज विचारलं.

"नाही टिकलं तर संपलं. परत एवढं लाकूड कुठनं आणू? बघू, टिकेल. नदीवरची वाळू आणतो, पोती भरतो..."

"वाळू? परसात?" हेमलता ताडकन् म्हणाली. "परवा पोरीनं तुळशीतली माती खाल्ली. वाळू तर तिला साखरच वाटेल!"

"मग काय घालू? दगड?"

इथं हेमलतेच्या डोक्यात वीज चमकली. वाळू गुपचूप बसते. वाळू हसत नाही, सरकत नाही, शड्डू ठोकत नाही!

"अहो, पलीकडं तालीम आहे की," ती मान वर न करता म्हणाली. "पाच पैलवान बसवा."

कृष्णात बघतच राहिला. "हेमा! तू म्हणजे... तू म्हणजे...!" त्यानं आनंदानं रेणूला उचलून गरकन् फिरवलं. "हळू! आत्ताच जेवलीय ती!" हेमलता ओरडली. त्याचा आनंद बघून तिला जरा अपराधी वाटलं. पण ते वाटणं तिनं तांदळातल्या खड्यासारखं बाजूला काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तालमीचे आकाराम वस्ताद धड बघायला आले. साठी उलटलेला माणूस, पण छाती अशी, की दारातून आधी ती आत यायची आणि मग वस्ताद. त्यांनी धडाची एकेक पट्टी दाबून पाहिली, जशी नव्या पोराच्या दंडातली बेटकुळी पाहावी.

"हाडं बारीक हायत ओ," ते म्हणाले. "खुराक कमी पडलाय."

"ते लाकूड आहे वस्ताद."

"व्हय, पण कुणाचं? आपल्या पेठेचं न्हवं? मंग! रविवारी सकाळी पाच पोरं घिऊन येतो. सूनबाई, पोरं उपाशी येतील बरं का."

"येऊ देत," हेमलता गोड हसली. "पोटभर खाऊनच बसू देत." आणि आत जाऊन तिनं रव्याचा डबा उघडला. खाईल तो पैलवान आणि मोडेल ते विमान! मानसशास्त्राला आता पाकशास्त्राचीही जोड मिळाली होती.

इथवर सगळं तिच्या हिशेबानं चाललं होतं. पण हिशेबात एक गोष्ट धरायची राहिली. कोल्हापुरात पैलवानाला 'जरा बसायला ये' असं नुसतं म्हणता येत नाही. पैलवान आला की कुस्ती आलीच! वस्तादांनी तालमीत जाऊन सांगितलं, की कृष्णातच्या धडावर बसून वजन घालायचं हाय. तालमीतनं ते चहाच्या गाडीवर गेलं तेव्हा 'कृष्णातचं धड मोडतंय का बघायचं हाय' असं झालं. तिथून म्हशी पिळणाऱ्या धोंडुबाईनं ते चरवीबरोबर घरोघरी पोचवलं, तेव्हा 'कृष्णातनं इडा उचललाय, माझं धड मोडून दावा!' अशी गर्जना झाली होती. आणि शनिवारी संध्याकाळी पलीकडच्या पेठेतल्या तालमीनं निरोप धाडला: 'आमीबी येतोय.'

रविवारी सकाळी हेमलतेनं परसदार उघडलं आणि रेणूला कडेवर घट्ट धरलं. अख्खी गल्ली परसात लोटली होती! भिंतींवर माणसं, कौलांवर पोरं, चिंचेवरही कुणीतरी. कोपऱ्यात हलगी तापत होती. शेडचे पत्रे रात्रीच काढून ठेवलेले. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ते चिंध्या बांधलेलं धड, आणि समोर कुणीतरी तालमीतली तांबडी माती आणून चक्क कुस्तीचा हौदा आखलेला!

"अहो, हे काय?"

"मलाबी न्हाय माहीत!" कृष्णात घाबरला की कोल्हापुरीवर यायचा.

चाँदबी चाची मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि तिनं धडाची दृष्ट काढली. "चाची, आधी रेणूची काढा की!" हेमलता कुरकुरली. "तिची काय काडायची? तिच्यावर कोण बसनार हाय?" चाची म्हणाली. बिनतोड!

पैलवानांनी आधी शिरा संपवला. मग दूध संपवलं. मग अंडी. "आणखी घ्या की भावजी, लाजू नका," हेमलता आग्रह करकरून वाढत होती आणि प्रत्येक घासागणिक मनात वजन मांडत होती.

"वहिनी, असं कुनी सासुरवाडीतबी वाढलं न्हाय बगा!" एक पैलवान गहिवरून म्हणाला. तिनं मान खाली घातली.

हलगी वाजली. पहिला पैलवान धडावरच्या फळीवर बसला. कर्रर्र! गल्लीनं टाचा उंचावल्या. कृष्णातनं डोळे मिटले. हेमलतेनं उघडे ठेवले. डोळे मिटणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दुसरा बसला. कर्र! तिसरा, चौथा. धड जरासं लवलं, जसं म्हातारं माणूस 'बसा बसा' म्हणत सरकतं. आणि पाचवा! शिरा-अंड्यांसकट पाच पैलवान बसले, पान खाल्ल्यासारखे हसले, एकानं तर सवयीनं शड्डूही ठोकला, आणि धडाचा एक टवकाही उडाला नाही!

"जिंकलंऽऽ!" गल्लीनं एकच गिल्ला केला. टोप्या उडाल्या. कृष्णात एक डोळा उघडून बघतोय तो वस्तादांनी त्याला मिठीत घेऊन जवळजवळ चेपला.

योजना बुडाली. हेमलता रिकाम्या पातेल्याकडं बघत राहिली. एवढा शिरा!

पण तेवढ्यात गर्दीच्या मागनं आवाज आला, "ह्याला काय वजन म्हंत्यात व्हय? सोत्ताची पोरं, बेतानं बसली असतील!" पलीकडच्या पेठेची मंडळी पुढं सरकली आणि त्यांच्यामधून गुंडू पुढं आला. मुरगूडचा गुंडू, त्यांचा खास आणवलेला पैलवान! तो चालला की वाटायचं, देऊळच जागा बदलतंय.

"आमचा गुंडू बसंल," पलीकडचा पुढारी म्हणाला. "पाच जनं हायत तसंच ऱ्हाऊ द्यात. वर हा."

"नको, नको," कृष्णात पुटपुटला. "परीक्षा झाली. नकाशात एवढंच..."

"बसू दे!" आकाराम वस्ताद गरजले. "नकाशाचं सोड. शिवाजी पेठेचं धड हाय ते! माघार घेतली असं उद्या कोन म्हनाय नको."

गुंडूनं तांबडी माती कपाळाला लावली. अंगावर चोळली. मांडीवर थाप अशी मारली, की कौलांवरची दोन पोरं खाली आली. आणि तो चार पावलं मागं सरला. मागं का? हेमलतेनं त्याच्या गुडघ्यांकडं पाहिलं आणि तिला कळलं. हा बसणार नाही. हा उडी मारणार!

आता तिनं काय करायचं होतं? काही नाही! नुसतं गप्प राहायचं. एक उडी, एक कडाका, आणि विमानाचं सरपण. कृष्णात जन्मभर जमिनीवर. दोष मुरगूडचा. तिनं ओठ आवळून धरले.

आणि तिची नजर कृष्णातच्या हातावर गेली. तो हात धडाच्या पाठीवर होता. रेणूला गोवर आला तेव्हा रात्रभर तिच्या पाठीवर होता ना, तस्साच.

"ओ पावणं!"

हे कोण ओरडलं म्हणून गल्लीनं मागं वळून पाहिलं. हेमलतेनंही पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की आपणच! कडेवर रेणू, हातात उलथनं, आणि ती गुंडूच्या आणि धडाच्या मधे उभी होती.

"उडी मारायची नाही! ती काय म्हशीची पाठ आहे? पायतान काढा आधी!"

गुंडूनं मुकाट्यानं पायतान काढलं.

"पट्टीवर पाय नाही द्यायचा, तिथं नुसतं चिकटवलंय. इकडून या. चिंधी दिसते का लाल? तो पक्का सांधा. हात तिथं ठेवा. हं. आता फळीवर. एकदम नाही! आधी एक बाजू, मग दुसरी. घरात बाळाचा पाळणा आहे का तुमच्या?"

"हाय की," गुंडू बारीक आवाजात म्हणाला.

"त्यात बाळ झोपलंय असं समजून बसा."

आणि मुरगूडचा गुंडू, ज्यानं आजवर भल्याभल्यांना आभाळ दाखवलं, तो खरंच पाळण्यात बाळ झोपलं असावं तसा अलगद धडावर बसला. कर्रर्र... र्र... र्र... हेमलतेनं रेणूला एवढं आवळलं की ती रडायला लागली. आणि कर्र थांबलं. सहा पैलवान! धड जागच्या जागी!

मग काय विचारता! हलगीवाल्याला आवरेना. पलीकडच्या पेठेनं मोठ्या मनानं आपला फेटा आणून धडाच्या नाकाला बांधला. चाँदबी चाची भिंतीवरून ओरडली, "आलं गं बाई मुंडकं!" आणि कुस्ती जिंकलेल्या गड्याला खांद्यावर घेऊन मिरवायची रीत असल्यामुळं, कुणी नको म्हणायच्या आत वस्तादांनी कृष्णातला धडातल्या जागेवर बसवलं, रेणूला हेमलतेच्या कडेवरून काढून त्याच्या मांडीत ठेवलं, आणि पैलवानांनी 'बोला अंबाबाईच्या नावानं चांगभलं!' करून अख्खं धड खांद्यावर उचलून गल्लीत काढलं!

"अहो! पोर आहे त्यात! हळू!" हेमलता कडेनं धावत सुटली. नजर वर, पाय गटारात. रेणू खाली पडतेय का, रेणू वाकतेय का... पण रेणूला काय झालं होतं? ती टाळ्या वाजवत होती. ती किंचाळून हसत होती!

मग तिनं कृष्णातकडं पाहिलं.

कृष्णातचा चेहरा पांढऱ्या रश्श्यासारखा झाला होता. डोळे गच्च मिटलेले. एका हातानं रेणू धरलेली, दुसऱ्यानं पट्टी. पैलवानांच्या खांद्याएवढी उंची! आपल्या स्वयंपाकघरातला माळा तरी याहून उंच असेल.

"हेमा..." तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "खाली... खाली घ्यायला सांग..."

हेमलता चालता चालता थबकली. हा? हा उडणार होता? याच्यासाठी आपण एवढ्या रात्री त्याला चाचपत काढल्या? खांद्यावर याची ही गत, तर आभाळात हा जातोय कशाला! तिच्या छातीवरचा धोंडा असा गडगडत खाली आला, की गल्लीत आवाज झाला असता तर नवल नव्हतं. हसावं की रडावं तिला कळेना. पण लगेच दुसरी गोष्ट कळली. आत्ता जर कुणी याचं तोंड पाहिलं, तर पेठ काय सोडते होय? विमानवाला खांद्यावर भ्याला! म्हातारपणी नातवंडंसुद्धा ऐकतील.

"थांबा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "खाली घ्या! माझी पोरगी घाबरली!"

मिरवणूक थांबली. वस्तादांनी वर पाहिलं. रेणू खदाखदा हसत होती.

"कुठं घाबरलीया? हसतीया की!"

"ती घाबरली की अशीच हसते!" हेमलता डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. ते पाणी खरं होतं. कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आईचं काळीज ओ," गुंडू म्हणाला आणि सगळ्यांत आधी त्यानंच आपली बाजू खाली घेतली.

"शिकल्याली बाई, पन भित्री लई," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. हेमलतेनं ते पदरात घेतलं.

दुपारी गल्ली शांत झाली. रेणू झोपली. कृष्णात शेडमध्ये खाली मान घालून बसला होता. हेमलतेनं त्याच्या हातात लिंबाचं सरबत दिलं. आज ती इतकी मोकळी होती, की जन्मात पहिल्यांदा तिनं आपण होऊन विचारलं, "मग? पंखांचं लाकूड कधी आणायचं?" होऊ देत पंख! होऊ दे शेपूट! माळावर नेऊन गहू वाळत घालू त्यावर!

"हेमा, तुला कळलं ना?"

"काय?"

"मला उंचावर... मला न्हाय जमत ते. मला वाटलेलं, विमानात बसलं की जमंल."

"मला काही कळलं नाही," ती म्हणाली. "सरबत प्या."

तो प्याला. बराच वेळ धडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू तसा उजळला, रंधा मारताना उजळायचा तसा. हेमलतेला ते आवडलं आणि लगेच संशयही आला.

"मी विचार केलाय," तो म्हणाला. "बांधायचं मी. चालवायचं तू."

"मी?!"

"मग दुसरं कोण? सगळीकडं एकदम लक्ष ठेवणारं माणूस पायजे त्याला. तू रेणूवर ठेवतीस तसं. काय वाजलं, काय हललं, काय सुटलं, तुला सगळ्यांच्या आधी कळतंय. एकूण एक सांधा तुला पाठ हाय. गुंडूलासुद्धा तू अलगद उतरवलंस! आणि नकाशात लिहिलंय, चालवणारा वजनानं हलका असावा."

मानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात असा नवरा नव्हता.

"वेड लागलंय तुम्हाला!" ती म्हणाली. आणि हा विचार किती वेडगळ आहे ते त्याला नीट दाखवून द्यावं, एवढ्याचसाठी तिनं पदर खोचला, लाल चिंधीच्या पक्क्या सांध्यावर हात ठेवला आणि ती आत जाऊन बसली. "हे बघा! बघितलंत? मला तर इथून पुढचं काही दिसतसुद्धा नाही!"

"बघ, मग राहिलं," कृष्णात खट्टू होऊन म्हणाला.

हेमलतेनं मान उंच केली. डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. पाय पुढं ताणले.

"राहिलं काय लगेच?" ती म्हणाली. "बुडाखाली एक उशी लागेल. जाडशी!"